सांगून केलेला सौदा

घोड्याच्या व्यवहारात दात, खूर, चाल सारे पारखले जाते. पण ऋतूप्रमाणे येणारे दुखणे नजरेतून सुटते. काही घोड्यांना चिलटांच्या लाळेचे वावडे असते. चिलटे वाढली की जनावर आयाळ आणि शेपटीचे मूळ खुंटाला घासून रक्तबंबाळ करते. हिवाळ्यात मात्र केस पुन्हा येतात, कातडी नितळ दिसते. तापीकाठच्या सारंगखेड्याचा प्रसिद्ध घोडेबाजारही भरतो तो मार्गशीर्षातच!

वसईत माझ्या वडिलांचा टांगा होता. आमच्या घोडीला हेच दुखणे होते. ते दुसऱ्या जनावराला लागत नाही, पण समूळ जातही नाही. चिलटे ओल्या चिखलात वाढतात, पहाटे व तिन्हीसांजेला उठतात. त्या वेळी वडील घोडीला आत बांधीत, अंगावर पातळ चादर घालीत. एवढ्या निगेवर ती वर्षभर टांगा ओढी.

1987 च्या डिसेंबरात घोडी विकायची ठरली. अंगावर एकही डाग नव्हता. तरी विसार घेण्याआधी वडिलांनी गिऱ्हाइकाला सारे सांगितले. दुखणे शिंगरात उतरू शकते, म्हणून हिची पैदास करू नका, असेही बजावले. किंमत उतरली. थोरला भाऊ धुसफुसला. वडील शांतपणे म्हणाले, “न सांगता दिली असती, तर पावसाळ्यात खोडकर म्हणून तिने चाबूक खाल्ला असता. आता तो तिला सांजेला आत बांधील.”

त्या सौद्यात मुके जनावर हाही एक पक्ष होता, हे वडील विसरले नव्हते.