कोथरूडला आठवलेले खाँसाहेब

मेट्रोने आम्ही सहकुटुंब कोथरूडला गेलो. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहासमोर उभे असताना लेकीने विचारले, "अब्बू, घरी उर्दू, शाळेत मराठी. मग आपण नेमके कुठले?"

आम्ही तिला उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांविषयी सांगितले. उत्तरेतल्या कैराना गावचे खाँसाहेब महाराष्ट्रात आले. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. ते ख्याल गायले, मराठी नाट्यपदेही गायले. कर्नाटकी सरगमही त्यांनी आपलीशी केली. सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे.

१९३७ मध्ये खाँसाहेबांचा इंतकाल झाला. दफन मिरजेच्या दर्ग्यात झाले, घराणे मात्र आजही 'किराणा'च म्हणवते. बेटा, गाव नावात जपले आणि माती इथली झाली. आपल्यालाही दोन्हींतले एक सोडायची गरज नाही.