‘भूक लागलीय’ म्हणणारं झाड

भुतांचासुद्धा एक सण असतो असं मी सांगितलं, तर तुम्ही हसाल. पण इकडे अमेरिकेत तो असतो, आणि चांगला थाटामाटात असतो. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ म्हणजे हॅलोविन. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड-स्कॉटलंडकडून इथे येऊन राहिलेल्या लोकांनी ती आपल्याबरोबर आणली. तिकडे ते सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. इथे भोपळे मुबलक, म्हणून भोपळे कोरतात. मुलं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार हिंडतात आणि आपण त्यांच्या पिशवीत चॉकलेटं टाकायची. “आपण सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघतो, हे लोक या पोरांची बघतात,” असं आमच्या सासूबाई म्हणतात.

(जाता जाता एक सांगते. लेकीकडे नाहीतर मुलाकडे इकडे यायचा योग आला, तर कोरायच्या त्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करायला जाऊ नका. तो पाणचट आणि रेषाळ असतो, पीठ घालून घालून हात दुखतात. घारग्यांना लहान, गोड जातीचा भोपळा वेगळा मिळतो तोच घ्यावा. मोठ्याच्या बिया मात्र मीठ लावून भाजाव्यात, छान लागतात.)

तर २०२४ साली गंमत अशी झाली, की हॅलोविन आणि दिवाळी एकाच दिवशी आली. पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, फराळ. संध्याकाळी एका हाताने लक्ष्मीपूजनाची तयारी आणि दुसऱ्या हाताने दारातल्या चेटकिणींना चॉकलेटं. सांगलीहून सासूबाई आलेल्या होत्या म्हणून निभावलं. आणि एवढं सगळं झाल्यावर रात्री नऊ वाजता थोरल्याने हट्ट धरला, की आज भुताचा सिनेमा पाहायचाच. त्याच्या वर्गातली सगळी मुलं पाहतात म्हणे. दुसऱ्या दिवशी शाळेला दिवाळीची सुट्टी होती, त्यामुळे ‘लवकर उठायचंय’ ही सबबही चालेना.

आमचे हे एकदम ‘नको’ म्हणाले. कारण होतं ते आमच्या धाकटीचं, आणि ते तुम्हांला जरा सविस्तरच सांगायला हवं.

इथल्या शाळांतून लॉकडाउन ड्रिल नावाची एक कवायत असते. करोनातला तो लॉकडाउन नव्हे, बरं का. शाळेत कुणी बंदूकधारी शिरला तर काय करायचं, याची ही रंगीत तालीम. २०१२ साली कनेक्टिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी सँडी हुक या प्राथमिक शाळेत वीस चिमुरडी मुलं आणि सहा मोठी माणसं अशी मारली गेली. असे प्रकार इथे आधीही झाले होते आणि नंतरही थांबलेले नाहीत. आमच्या न्यू जर्सीत तर २०१० पासून कायदाच आहे, दर महिन्याला एक आगीची कवायत आणि एक सुरक्षेची. मी आठवड्यातून दोन दिवस एका शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते, त्यामुळे मी स्वतः ती केली आहे. दाराला कुलूप, दिवे बंद, मुलांना दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात दाटीवाटीने बसवायचं आणि एक शब्द बोलू द्यायचा नाही. मग बाहेरून कुणीतरी येऊन दाराची मूठ हलवून बघतं. तो शाळेचाच माणूस असतो, तुम्हांला ते माहीत असतं, तरी पोटात गोळा येतो. सहा-सहा वर्षांची पोरं तोंडावर हात दाबून बसलेली असतात. एवढी शहाणी पोरं मला बघवत नाहीत.

धाकटी नऊ वर्षांची. त्या सप्टेंबरातल्या कवायतीनंतर तिने एकटीने झोपायचं सोडलं. रात्री दोनदा उठून बाहेरच्या दाराची कडी बघायची. एकदा भाजी फोडणीला टाकत होते, तर मागून येऊन अगदी सहज स्वरात विचारते, “आई, आपल्या घरात लपायला सगळ्यात चांगली जागा कुठली गं?” मी काय उत्तर देणार, सांगा. ‘असं काही होणार नाही, बाळा’ असं म्हणायची सोय नाही. ती विचारते, मग शाळेत शिकवतात कशाला?

तेव्हा ह्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण मला वेगळं वाटत होतं. ‘झपाटलेला’ आला १९९३ साली. मी तो लहानपणी टीव्हीवर पाहिला, वाड्यातल्या सगळ्या पोरांनी एका सतरंजीवर बसून. रामदास पाध्यांचा तो बाहुला डोळे फिरवायला लागला की आम्ही किंचाळत शेजारच्याच्या कुशीत शिरायचो आणि लक्ष्मीकांत बेर्डे आला की तिथूनच हसत बाहेर यायचो. ती भीती आमच्या हातातली होती. धाकटीला असली भीती कधी भेटलेलीच नाही. तिला भेटली ती एकदम खरी. म्हणून मी म्हटलं, पाहू या, पण मी निवडीन तोच.

मी निवडला १९६० सालचा ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’. काळा-पांढरा, जेमतेम सव्वा तासाचा. त्याचे हक्क निर्मात्याने नोंदवलेच नव्हते, म्हणून तो इंटरनेटवर राजरोस फुकट पाहायला मिळतो. निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. हा गृहस्थ काटकसरीत आपल्या आज्यांनाही हार जाणारा नव्हता. १९५९ च्या डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात, दुसऱ्या एका चित्रपटाच्या उरलेल्या सेटवर, याचं मुख्य चित्रीकरण त्याने दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. खर्च तीस हजार डॉलरच्या आसपास. घाई का, तर नव्या वर्षापासून नटांच्या मोबदल्याचे नियम बदलणार होते! कॉर्मन २०२४ च्या मे महिन्यात अठ्ठ्याण्णव वर्षांचे होऊन वारले.

गोष्ट अशी. गरीब वस्तीतलं एक फुलांचं दुकान. तिथला बावळट नोकर सीमोर एक विचित्र रोप वाढवतो. ते काही केल्या जगेना. एकदा त्याचं बोट कापतं, रक्ताचा थेंब रोपावर पडतो आणि ते तरारतं. मग ते बोलायलाच लागतं, ‘भूक लागलीय, खायला घाल!’ (दिवसाकाठी हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की मला त्या झाडाची भीती वाटणं शक्यच नव्हतं.) त्याचा आवाज काढलाय तो चित्रपटाचा लेखक चार्ल्स ग्रिफिथ यानेच. सीमोरच्या हातून अपघाताने माणसं मरतात आणि तो ती झाडाला घालतो. ऐकताना किळसवाणं वाटतं ना? पाहताना मात्र झाड इतकं उघडउघड नकली दिसतं, की धाकटी पाचव्या मिनिटाला ह्यांच्या पाठीमागून डोकं काढून म्हणाली, “बाबा, हे मी पण करीन. दोन खोकी आणि जुनी गादी.”

सासूबाईंना मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. त्यांनी सिनेमा फार मनावर घेतला. झाड मलूल झालं तेव्हा म्हणाल्या, “त्याला शेणखत घाल म्हणावं, रक्त कशाला?” सीमोरची आई आजाराचं सोंग घेऊन पडलेली असते आणि जेवणात औषधंच औषधं घालते. त्यावर, “असलं जेवून पोरगं दुसरं काय करणार!” दाताच्या डॉक्टरकडे एक जण येतो, त्याला दात ओढून घ्यायची हौसच असते, भूल नको म्हणतो. तो नट म्हणजे बावीस वर्षांचा जॅक निकल्सन. पुढे तीन ऑस्कर मिळवणारा माणूस इथे खुर्चीत बसून खिदळतोय! तिथे धाकटीने कानांवर हात ठेवले. हे माझ्याकडे बघायला लागले. पण तो पेशंट दात पडलेल्या तोंडाने आनंदाने निघून गेला, आणि ती हसत हसत खाली जमिनीवरच बसली.

मला भीती वाटली ती वेगळ्याच ठिकाणी. दुकानाचा मालक एका रात्री सीमोरला झाडाला माणूस घालताना पाहतो. पोलिसांना सांगायचं असं ठरवतो. सकाळी येऊन बघतो, तर झाड पाहायला दुकानात ही गर्दी, गल्ला भरलेला. आणि तो गप्प बसतो. ते दृश्यही विनोदीच आहे, सगळे हसलेसुद्धा. मला हसू आलं नाही.

शेवटी झाडाच्या कळ्या उमलतात आणि एकेका फुलात मेलेल्याचा चेहरा दिसतो. ते कसं केलं असेल यावर थोरला आणि धाकटी झोपेपर्यंत वाद घालत होती. त्या रात्री ती आजीजवळच झोपली, तेव्हा चमत्कार वगैरे झाला असं समजू नका. शनिवारी मात्र खोकी, कात्री आणि माझी एक जुनी हिरवी ओढणी घेऊन बसली. झाड तयार झालं. ते तिने आपल्या खोलीच्या दाराशी, बाहेर तोंड करून ठेवलं.

नोव्हेंबरात पुन्हा कवायत झाली. अंधारात, कोपऱ्यात सगळी चिडीचूप बसलेली असताना कुणाचं तरी पोट जोरात गुरगुरलं. आमची कन्यका त्या झाडाच्या आवाजात हळूच म्हणाली, “भूक लागलीय!” अर्थात इंग्रजीत. सगळा वर्ग फिसकन् हसला. घरी चिठ्ठी आली: तुमच्या मुलीने कवायतीच्या वेळी शांतता मोडली, तिला समज द्यावी.

त्या बाईंची जागा मला चांगली ठाऊक आहे. मीही चिठ्ठी पाठवली असती. शांत बसायला का सांगतात, हे मी धाकटीला पुन्हा एकदा नीट सांगितलं, तिने मान खाली घालून ऐकलं, आणि मी सही करून चिठ्ठी दप्तरात ठेवली. सासूबाईंनी तेवढ्यात तिला जवळ घेऊन विचारलंच, “पण किती जणं हसली गं?”

“सगळी,” ती म्हणाली. “बाईसुद्धा.”

आता ती आपल्या खोलीत झोपते. दार उघडं लागतं आणि दिवा रात्रभर चालू लागतो. ह्यांनी एकदा विजेच्या बिलाचा विषय काढला. मी म्हटलं, दुसरं काहीतरी कमी करू.