जंतूची खतावणी

क्षयाच्या जंतूचा ताळेबंद मांडता येतो असं भाचीनं सांगितलं, तेव्हा मी तो दाखव म्हणालो. सोलापुरात सुताच्या पेढीवर माझी तीस वर्षं खतावण्या लिहिण्यात गेली. विणणाऱ्याकडे किती किलो सूत गेलं, किती वजनाच्या चादरी परत आल्या आणि चिंधी किती निघाली, याची बेरीज जुळल्याशिवाय शेठ कुणाला घरी जाऊ देत नसत. जंतूचा असला तरी हिशेब तो हिशेबच.

भाची पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्स शिकते. तिच्या लॅपटॉपवर मला जंतू वगैरे काही दिसला नाही. दिसल्या त्या समीकरणांच्या ओळीच ओळी. "मामू, हाच तो," ती म्हणाली.

ती पाठ्यपुस्तकातल्या शब्दांत सांगत गेली आणि मी ते पेढीच्या भाषेत समजून घेत गेलो. १९९८ साली क्षयजंतूच्या 'एच३७आरव्ही' या प्रयोगशाळेतल्या वाणाचा सगळा जनुकसंच वाचून झाला. ४४ लाखांहून थोडी जास्त अक्षरं, त्यांत ४ हजारांच्या आसपास जनुकं. एकेक जनुक म्हणजे एकेक प्रथिन बनवायची कृती. यातली बरीच प्रथिनं एन्झाइम असतात. एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करणारे कारागीर. कोणता कारागीर काय घेतो आणि काय देतो हे माहीत असलं, की जनुकांच्या यादीवरून पेशीच्या कारखान्यातल्या व्यवहारांची यादी तयार होते. काही व्यवहारांना दोन कारागीर एकदम लागतात, काही ठिकाणी दोघांपैकी एक असला तरी भागतं. तेही वहीत लिहावं लागतं. कधी असंही होतं की अमुक पदार्थ जंतू बनवतो हे पक्कं ठाऊक असतं, पण तो बनवणारं जनुक यादीत सापडत नाही. मग तिथे अंदाजानं ओळ भरतात. आमच्याकडे अशा नोंदीला 'किरकोळ' म्हणायचे, आणि ऑडिटवाला नेमकं तिथेच बोट ठेवायचा.

आता नियम एकच: पेशीच्या आत कुठलाही पदार्थ साठत नाही असं धरायचं. जितका तयार झाला, तितका खर्च झाला. हा नियम पाळूनही हिशेब शेकडो तऱ्हांनी जुळवता येतो. त्यातली कुठली तऱ्हा धरायची? ज्यात जंतूची वाढ सर्वांत जास्त होते ती. बाकीचं गणित संगणक करतो. कारखानदार मर्यादित मालातून जास्तीत जास्त नफा काढायला जे गणित १९४० च्या दशकापासून वापरतात, तेच.

शेजारी बसलेल्या खालानं एवढं ऐकून विचारलं, "इत्ता सा जंतू, उसका इत्ता बडा हिसाब?"

खालाला विचारायचा हक्क होता. नव्वदच्या दशकात तिला क्षय झाला होता. नई जिंदगीतल्या दोन खोल्यांत ती बिड्या वळायची. खोकला तंबाखूच्या धुळीनं आहे असं सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. निदान झाल्यावर तिचा पेला वेगळा झाला. मुलींच्या सोयरिकी मोडतील म्हणून गोळ्यांची पुडी तांदळाच्या डब्यात राहायची. एका गोळीनं लघवी नारिंगी व्हायची. रक्तच जातंय असं समजून ती दोन दिवस रडत होती. कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

ती नारिंगी गोळी रिफाम्पिसिन. भाचीनं वहीत दाखवलं की तिथे या औषधाला जागाच नाही. ते जनुकांची नक्कल करणाऱ्या यंत्रावर घाव घालतं, आणि ही वही फक्त पदार्थांच्या देवघेवीची आहे. दुसरी गोळी आयसोनियाझिड. ती मात्र वहीत सापडते. क्षयजंतूच्या कवचात मायकोलिक आम्ल नावाची मेणासारखी लांबलचक चरबी असते. ती बनवणाऱ्या 'इन्हा' या एन्झाइमला आयसोनियाझिड अडवतं. भाचीनं तो व्यवहार बंद केला. खाली वाढीच्या रकान्यात शून्य आलं. खालानं चष्मा वर करून ते शून्य नीट बघितलं.

मायकोलिक आम्लाच्या या एकाच खात्याचा हिशेब बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक रामन, प्रीती राजगोपालन आणि नागसुमा चंद्रा यांनी २००५ मध्ये मांडला होता. २००७ साली सबंध जंतूच्या दोन वह्या परदेशात प्रसिद्ध झाल्या, एक ६६१ जनुकांची, दुसरी ७२६ जनुकांची. आपल्याकडे सीएसआयआरनं २००८ मध्ये 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' हा उपक्रम सुरू केला. त्यात देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून क्षयजंतूची जनुकं वाटून घेतली आणि एकेकाची माहिती शोधून भरली. त्या कामातून पुढे ८९० जनुकांची वही झाली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. मला यातली हीच गोष्ट सर्वांत आवडली. ज्या रोगाचं नाव घरात हळू आवाजात घ्यायचं, त्याची वही शेकडो पोरापोरींनी उघड्यावर बसून लिहिली. आज अशा वह्या कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. भाचीच्या जुन्या लॅपटॉपवर एक जनुक बंद करून उत्तर यायला निमिषही लागत नाही.

पण उत्तर खरं किती? ७२६ जनुकांच्या वहीनं कुठल्या जनुकाशिवाय जंतू जगणार नाही हे सांगितलं, ते प्रयोगशाळेतल्या निकालांशी ताडून बघितलं. १०० पैकी ७८ वेळा बरोबर. पेढीवर असं असतं तर माझी नोकरी गेली असती. भाची म्हणते, आधी काहीच माहीत नसताना ७८ फार आहेत.

माझा प्रश्न वेगळा होता. सूत किती आलं हे चुकीचं लिहिलं तर पुढचं सगळं जुळूनही खोटंच. मग जंतू काय खातो हे वहीत कुणी लिहिलं?

इथे भाची जरा थांबली. ते माणूसच लिहितो, म्हणाली. प्रयोगशाळेत क्षयजंतूला ग्लिसरॉल घालायची जुनी रीत आहे, म्हणून अनेकदा वहीतही ग्लिसरॉल. आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक निकाल तिनं सांगितला. काही नवी रसायनं काचेच्या भांड्यात जंतूला झटपट मारत होती, उंदरांत मात्र त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. कारण शोधलं तर ती फक्त ग्लिसरॉलवर वाढणाऱ्या जंतूलाच मारत होती. शरीरात जंतूचं जेवण निराळं. तिथे तो आपल्याच पेशींतली चरबी आणि कोलेस्टेरॉल खातो. वहीत खाण्याची ओळ बदलली की जगण्यासाठी आवश्यक जनुकांची यादीही बदलते. भाचीचं सध्याचं काम तेच आहे, पानं बदलून यादी तपासणं.

जंतूच्या ताटाची एवढी चौकशी चालली आणि मला खालाचं ताट आठवलं. त्या वर्षी हजार बिड्यांमागे जे मिळायचं त्यात चहा-पाव, ज्वारीची भाकरी आणि पातळ आमटी. गोश्त शिजलं तर आधी मुलांना. झारखंडमध्ये अनुराग भार्गव आणि माधवी भार्गव यांच्या चमूनं क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर एक मोठी चाचणी केली. काही घरांत फक्त रुग्णाला शिधा, काही घरांत बाकीच्यांनाही. २०२३ मध्ये निकाल आला: सगळ्यांना शिधा मिळालेल्या घरांत नवे क्षयरुग्ण ३९ टक्क्यांनी कमी. सरकार निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये देत होतं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हजारात महिनाभर अंडी, डाळ, दूध किती येतं याचा हिशेब मी करून बघितला आहे. त्याला संगणक लागत नाही. आणि घरातल्या बाकीच्यांच्या शिध्यासाठी त्यात काही उरत नाही.

खालाचा आणखी एक सवाल होता, तीस वर्षं जुना. खोकला दुसऱ्याच महिन्यात थांबला होता, मग गोळ्या सहा महिने का? भाचीनं सांगितलं, "नानी, काही जंतू मरत नाहीत, झोपतात. त्यांच्यासाठी." आणि मग मला म्हणाली की इथेच ही वही अडते. सगळा हिशेब 'जास्तीत जास्त वाढ' धरून मांडलेला, आणि झोपलेला जंतू तर वाढतच नाही. दुकान बंद आहे, पण मालक आत आहे. अशा दुकानाची वही कशी लिहायची, यावर लोक वेगवेगळे उपाय करून बघताहेत. पुढच्या सत्रात तिलाही त्यातलाच एक उपाय तपासायचा आहे.

"पैसे देते क्या इसके?" खालानं विचारलं.

"अभी नहीं, नानी."