ग्रेस मार्क नकोत, मामा

ती. मामास,
साष्टांग नमस्कार. नमस्कार साष्टांग असला तरी भांडण मागे घेतलेलं नाही.

शनिवारी आपल्या सिनेमाच्या बैठकीत ‘कुंकू’वर सगळ्यांनी आपापलं लिहून आणलेलं पान वाचून दाखवलं. पोस्टमास्तरांनी सिनेमा झोडपला, डॉक्टरीणबाईंनी डोक्यावर घेतला. तुझी पाळी आली तेव्हा तू एवढंच म्हणालास, “त्या काळच्या मानानं फारच पुढचा.” सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, वाद मिटला. मला राग आला तो तिथं. त्या वाक्याला उत्तरच देता येत नाही. वरवर ते कौतुक, पण खरं तर ग्रेस मार्क देऊन पास करणं. मग त्या सिनेमाचं चांगलंही नीट दिसत नाही आणि वाईटही.

आधी चांगल्याचं बघू. पार्श्वसंगीत नाही म्हणून सिनेमा कोरडा वाटतो, असं पोस्टमास्तर म्हणाले. तू त्यांची समजूत घातलीस की तेव्हा तंत्र बाल्यावस्थेत होतं. मामा, ‘कुंकू’ आला तेव्हा, 1937 साली, आपल्याकडच्या बोलपटाला सहा वर्षं झाली होती. आदल्याच वर्षी याच प्रभात कंपनीनं ‘संत तुकाराम’ काढला होता, संगीतही ‘कुंकू’च्याच केशवराव भोळ्यांचं होतं, आणि तो तर गाण्यांनी भरलेला आहे. म्हणजे भोळे होते, वादक होते, सगळं हाताशी होतं. दिग्दर्शक शांतारामांनी पार्श्वसंगीत ठरवून बाहेर ठेवलं. आवाज जिथून येतो ती जागा प्रसंगात असली पाहिजे, हा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. म्हणून तर नीरेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, काकासाहेबांच्या भिंतीवरचं घड्याळ इतकं अंगावर येतं. तिथं एखादं व्हायोलिन रडलं असतं तर आपण म्हाताऱ्याची कीव करून मोकळे झालो असतो. आता त्याच्या शेजारी बसून टिकटिक मोजावी लागते. तू ज्याला उणीव समजून माफ केलंस, ती त्या सिनेमाची सगळ्यात धीट गोष्ट आहे. पोस्टमास्तरांना कोरडं वाटलं, ते बरोबरच वाटलं. ते कोरडेपण हवं होतं की नको, यावर भांडायचं होतं.

आता शेवट. काकासाहेब जीव देतात आणि नीरा मोकळी होते. हा शेवट तुला पटत नाही, हे मला माहीत आहे. घरी जेवताना तू त्याला पळवाट म्हणतोस. मग चारचौघांत गप्प का बसलास? घटस्फोटाचा कायदा नव्हता, दिग्दर्शक तरी काय करणार, हा तुझा बचाव. कायद्याचं तू म्हणतोस ते खरं. मुंबई प्रांतात तो 1947 साली झाला, आणि हिंदू विवाह कायदा तर 1955चा. पण ज्या बाईनं त्याच घरात राहून नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार दिला, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढलं, तिची गोष्ट कायद्याच्या परवानगीसाठी अडून बसली होती का? माझं म्हणणं तुझ्याहून वेगळं आहे. केशवराव दात्यांचे काकासाहेब मरतात हे मला खटकत नाही. फुटक्या आरशात स्वतःची शंभर तोंडं दिसल्यावर तो माणूस कुठे तरी कोसळणारच होता. मला खटकतं ते हे, की सिनेमाभर प्रत्येक निर्णय घेणारी शांता आपटेंची नीरा शेवटचा निर्णय मात्र दुसऱ्याच्या हातून घेते. हे 1937मध्ये खटकायला हवं होतं आणि आजही खटकायला हवं. काळाचा आडोसा घेऊन तू सिनेमाला वाचवलंस आणि नीरेला सोडून दिलंस.

तू असा नाहीस म्हणून हे लिहितेय. ‘तुकाराम’ पाहिला त्या रात्रीचा मामा मला आठवतो. गीतकार शांताराम आठवल्यांनी त्या सिनेमासाठी अभंग लिहिला आणि पुष्कळांनी तो तुकोबांचाच समजला, यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ही फसवणूकच.” तू तेव्हा जुन्या काळाची ढाल पुढे केली नाहीस. अभंग तुकोबांचा ठरतो तो कशानं, शेवटच्या नाममुद्रेनं की बोलण्याच्या ढंगानं, असं विचारून तू सगळ्यांना कामाला लावलंस. तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांच्या तोंडी तो इतका चपखल बसतो त्यात शब्दांचा वाटा किती, चालीचा किती, चेहऱ्याचा किती, हे एकेक करून वेगळं काढलंस. कुणाचं मत बदललं नाही, पण प्रत्येकाला तो प्रसंग पुन्हा पाहावासा वाटला. आपल्या बैठकीचा मला कळलेला उपयोग एवढाच.

आणि आपण हौशी आहोत, आपण कोण बोलणार, हेही नको. याच केशवराव भोळ्यांनी ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर लिहिलं. ज्यांच्याबद्दल लिहिलं ते त्यांच्याच काळातले, मैफली गाजवणारे. आज आपण त्यांच्या तसबिरींना हार घालतो. भोळ्यांनी त्यांचं गाणं कानानं पारखलं, गुणही सांगितले आणि खोडही काढली. आपण भोळे नाही, कबूल. पण शुक्रवारी लागलेल्या नव्या सिनेमावर तू जितका तुटून पडतोस, तितकाच जुन्यावर पड, एवढं आपल्यालाही जमेल.

येत्या शनिवारी ‘माणूस’ आहे, 1939चा. हवालदार आणि मैना या वेश्येची गोष्ट, पुन्हा शांतारामच. माझी अट एकच. प्रत्येकानं आपल्या पानावर एक नेमका प्रसंग धरायचा, आणि सालाचा उल्लेख आला की दंड म्हणून सगळ्यांचा चहा पाजायचा. मैनेच्या वाट्याला नीरेपेक्षा जास्त आलं की कमी, हे मी मांडणार आहे. तू विरुद्ध बाजू घे. अर्धवट सहमत होऊ नकोस, मला त्याचा काही उपयोग नाही.

मामीला नमस्कार.

तुझी भांडखोर भाची