सव्हॉयचा खिशातला चाकू

फ्रान्सच्या पूर्वेला, इटलीच्या सरहद्दीला लागून सव्हॉय हा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या सेंट-जाँ-द-मोरिएन या गावात चक्क एका चाकूचं संग्रहालय आहे! त्याचं नाव ओपिनेल. जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० साली इथल्याच डोंगरात तो पहिल्यांदा घडवला.

पहिल्या नजरेत हे खेळणंच वाटतं. बीच लाकडाची हलकी, गोलसर मूठ, तिच्यात मिटणारं पातं आणि मानेशी धातूचं कडं; बस्स! ८ नंबरच्या चाकूचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. पण उघडून कडं फिरवा, मग ते अवचित बोटांवर मिटायची भीती नाही. ही सोय १९५५ सालची. पात्यावर मुकुट आणि हाताचा छाप दिसतो. हात या गावच्या संत योहानाचा, मुकुट सव्हॉयच्या जुन्या राज्याचा.

किंमत बेताची, म्हणून वस्तू टाकाऊ असं मात्र समजू नका. साध्या पोलादाच्या पात्याला धार झकास लागते. लिंबू चिरलं की ते काळवंडतं, ओलं राहिलं की गंजतं, अगदी आपल्या विळीसारखं! तेव्हा काम झालं की पुसून तेलाचं बोट फिरवावं. मूठ भिजत ठेवू नये. लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. एवढी निगा जमणार नसेल, तर स्टेनलेस स्टीलचाही मिळतो.

आणि हो, विमानाने परतताना तो पर्समध्ये नको, मोठ्या बॅगेत टाकून सामानात द्या!