दसऱ्याचे बाण

तंजावर, खंडेनवमी

ती. आजीस,


सुखरूप पोचलो. आपल्याकडे आज तलवारीला झेंडू वाहतात, इथे रिक्षा, वरवंटा, शिवणयंत्र, झेरॉक्सचं यंत्र, सगळ्यांनाच गंध लागतं. आयुधपूजा म्हणतात. दुकानासमोर कोहळा आपटून फोडायचा, त्यात कुंकू कालवलेलं. संध्याकाळी रस्ताभर लाल गर पडला होता आणि मी चप्पल सांभाळत हिंडत होतो.

दुपारी थोरल्या देवळात गेलो. राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं हे देऊळ, आणि त्याच्या भिंतीवर चक्क मराठी! इथल्या सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांची सगळी बखर दगडात कोरून घेतली. घरापासून इतक्या लांब देवनागरी ओळी बोटाने वाचताना घसा दाटतो, हे तुलाच सांगतो. इतरांना सांगितलं तर हसतील.

पण पत्राचं कारण वेगळं. इथे मानंबुचावडी नावाची पेठ आहे. त्यागराजांचे शिष्य वेंकटसुब्बय्यर तिथले, म्हणून गाणाऱ्यांना नाव ठाऊक. पत्त्यात मात्र ‘महर्नोंबु चावडी’ लिहितात. चावडी आपलीच. नोंबु म्हणजे व्रत, आणि महर्नोंबु म्हणजे दसऱ्याला देव बाण मारतो तो उत्सव. ‘महर्’ म्हणजे महानवमी असावी, असा माझा तर्क. लॉजच्या मालकांनी तो ऐकून मान हलवली, ती होकाराची की इथल्या मान डोलावणाऱ्या बाहुल्यांसारखी, कळलं नाही. खेड्यात जाऊन बघा, म्हणाले.

दसरा, रात्री

आजी,

बघून आलो. तिरुवैयारूकडे जाणारी बस बारा-तेरा किलोमीटरांत वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि कावेरी ओलांडते. पाच नद्या! आपण पंचगंगेचं कौतुक करतो. पुढच्या एका खेड्यात उतरलो. एकीकडे कुरुवै भाताची कापणी, रस्त्यावरच वाळत घातलेलं धान्य, आणि बाजूच्या खाचरात सांबा भाताची रोपं लावणाऱ्या बायका. जूनमध्ये मेट्टूरचं धरण सुटलं की इथलं वर्ष सुरू होतं.

उन्हं उतरल्यावर पेरुमाळ, म्हणजे विष्णू, लाकडी घोड्यावर बसून निघाले. पुढे नागस्वर आणि तविल. तविल कानाशी वाजला की हलगी सौम्य वाटावी! गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत केळीचा खुंट रोवलेला, त्याला वन्नीची डहाळी बांधलेली. वन्नी म्हणजे आपली शमी. पांडवांची शस्त्रं इथेही तिच्यातच लपलेली होती. केळ म्हणजे असुर. म्हाताऱ्या भट्टरांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, देवाच्या वतीने धनुष्य उचललं आणि बोरूएवढे बारीक बाण चार दिशांना सोडले. मग केळीवर. पहिला तर सरळ माझ्या डोक्यावरून गेला. नेम कोणी बघतच नव्हतं.

दादाने जर्मनीतून फोनवर सांगितलं होतं, आठवतं? तिकडच्या खेड्यांत उंच काठीवर लाकडी पक्षी बसवतात, गावचे नेमबाज बंदुकीने त्याचे तुकडे पाडतात, आणि शेवटचा तुकडा पाडेल तो वर्षभराचा राजा. गळ्यात चांदीची साखळी, मिरवणूक, बँड, बिअर. मी इथेही तसलाच कोणी शूर शोधत होतो. पण देवच नेमबाज म्हटल्यावर स्पर्धा कोणाशी? बाण चुकला तरी असुर मेलाच. केळ शेवटी कोयत्याने तोडली.

खरी झुंबड त्यानंतर. पडलेले बाण उचलायला पोरं, बाया, एक पोलीससुद्धा! कोल्हापुरात दसरा चौकात शमीपूजन झालं की पानांवर तुटून पडतात तसंच. आपण झाडाचं सोनं लुटतो, हे देवाचे बाण लुटतात. घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवायचे. मला मिळाला नाही. एका आजोबांनी माझा पडलेला चेहरा पाहून स्वतःच्या दोनांतला एक दिला.

ते रायर निघाले. इथल्या मराठी ब्राह्मणांना रायर म्हणतात. घरी नेलं. पायऱ्यांवर बाहुल्यांचा गोलू मांडलेला, हातावर हरभऱ्याचं सुंडल. त्यांचं मराठी तमिळच्या चालीत चढतं-उतरतं, अधूनमधून एखादा शब्द असा येतो की तुझ्या आजीच्या तोंडचा वाटावा. मी कोल्हापूरचा म्हणताच त्यांनी विचारलं, “म्हणजे थोरल्या घरातले?” शहाजीराजांच्या पुत्रांपैकी शिवाजीराजे तिकडे, व्यंकोजीराजे इकडे. 1677 मध्ये ते कोळ्ळिडम नदीकाठी भेटले, आणि वाटणीवरून बिनसलं. म्हातारबुवा त्यावर अजून व्यंकोजींच्या बाजूने भांडत होते. तंजावरचं राज्य इंग्रजांनी 1855 मध्ये खालसा केलं, पण खटला चालू आहे!

मी शिवाजीराजांची बाजू घेतली. मग कॉफी आली, म्हणून मिटलं.

एकादशी, सकाळी

बाण वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवलाय, कुरियरवर भरवसा नाही. माझ्या वाटणीची आपट्याची पानं तेवढी देवाजवळ ठेव. गुरुवारी पोचतो.

तुझा
बापू