दोन हाडं, पाच मिलिमीटर चामडं

सायकलची चामडी सीट महाग घ्यावी की स्वस्त, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं आणि वर जोडलं, "पण सोपं लिहा." चामड्याबद्दल सोपं बोलता येत नाही म्हणून तर मी लग्नकार्यात या विषयावर गप्प बसतो. शिवाय निवृत्तीनंतर वाशीमला परतल्यापासून माझी ओळख "ते चपलांच्या कारखान्यात होते ते" एवढीच आहे. मी चपला केल्या नाहीत. मी तमिळनाडूत राणीपेटला टॅनरीत कातडी कमावली.

लिहायला तयार झालो त्याला कारण एक शिक्षक. मालेगाव तालुक्यातले; मालेगाव म्हणजे आमचं, नाशिकचं नव्हे. नागपूर-अमरावतीकडच्या ब्रेव्हे करतात. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत पार करायची लांब सायकलफेरी. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. त्यांनी अडीच हजारांच्या आत बसणारी 'अस्सल चामड्याची' सीट मागवली. पहिल्या आठवड्यात तक्रार, "काका, दगडासारखी हाय. काहून घेतली मी?" कुणी तरी सांगितलं म्हणून त्यांनी तिला रोज कोमट खोबरेल चोळलं. पोळ्यापर्यंत सीटची झोळी झाली. विकणारा म्हणतो तेल लावलंत म्हणून बसली, शिक्षक म्हणतात माल खोटा. निवाडा माझ्याकडे आला.

आधी ही सीट काम कशी करते ते सांगतो. नेहमीच्या सीटला खाली प्लॅस्टिकची टणक बैठक, वर फोम आणि त्यावर रेक्झिन. चामडी सीटला बैठकच नसते. पुढं नाकाशी आणि मागं अर्धगोल पत्र्यावर रिबिटांनी ठोकलेलं चामडं मधल्या मध्ये ताणलेलं असतं. माणूस बसतो तो ढुंगणाच्या मांसावर नव्हे, ओटीपोटाच्या खालच्या दोन हाडांवर. त्या दोन जागी चामडं हळूहळू खोलगट होतं, बाकीचं ताठ राहतं, आणि मधल्या नाजूक भागावर भार येत नाही. फोम मऊ असतो म्हणून हाडं त्यात रुततात आणि मधला फोम वर येऊन नेमका नसांवर दाबतो. दुकानात अंगठ्यानं सीट दाबून "मस्त मऊ आहे" म्हणणारे पन्नास किलोमीटरनंतर मुंग्या आल्या म्हणून पेडल सोडून उभे राहतात. अंगठ्यानं दाबून गादी निवडतात, सीट नव्हे. हे मी किती जणांना सांगितलं, कुणी ऐकलेलं नाही.

म्हणजे सगळा खेळ या ताणलेल्या चामड्याचा. ते वर्षानुवर्षं ताण सोसेल का, हे कमावणीवर ठरतं.

कातडं म्हणजे कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंची दाट वीण. कच्चं ठेवलं तर सडतं, नुसतं वाळवलं तर पत्र्यासारखं कडक होतं. जुनी पद्धत सालीची. बाभळीची साल, हिरडा, तरवड यांतलं टॅनिन कुंडात आठवडे, जाड कातड्याला महिने लावून तंतूंत मुरतं आणि मधल्या पोकळ्या भरून काढतं. दुसरी क्रोमची. क्रोमियमचे क्षार घातलेल्या फिरत्या पिंपातून कातडं दिवसाभरात निळसर होऊन बाहेर येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत कारखान्यांत आली आणि आज जगातलं बहुतेक चामडं असंच कमावलं जातं. ओलं क्रोम चामडं उकळत्या पाण्यातही सहसा आखडत नाही, सालीचं ७५ ते ८५ अंशांनाच आखडतं. प्रयोगशाळेत क्रोम जिंकतं. सीटवर हरतं. कारण त्याचे तंतू मोकळे, लवचिक. ताण दिला की सरकतात आणि सरकतच राहतात. सालीचं चामडं भरीव असतं. ओलं करून साच्यावर बसवलं की वाळल्यावर तोच आकार धरतं.

यात माझं थोडं अवघड आहे. आयुष्यभर मी क्रोमच केलं. आजोबा मात्र रिसोडच्या बाजूला बाभळीच्या सालीवर कातडी कमवायचे. पंचक्रोशीतल्या मोटा त्यांच्या कुंडातल्या. पाण्यानं भरलेली मोट दिवसभर विहिरीतून वर-खाली होते; सीटपेक्षा त्या चामड्याची परीक्षा कितीतरी कडक. इंजिनं आली, मग विजेचे पंप आले, मोटा गेल्या, कुंड बुजवलं. आमचं घर गावाबाहेर होतं ते वासामुळं, असं लोक सांगत. मोट मात्र त्यांच्या विहिरीवर चालायची.

आता महाग सीट. तिचं नाव घ्यायचं तर ब्रूक्स. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅमला घोड्यांच्या सामानाचा धंदा मांडला. घोडा मेला, सायकल घ्यावी लागली, लाकडी सीट टोचली, म्हणून १८८२ मध्ये चामडी सीटचं पेटंट घेतलं, अशी कथा कंपनी स्वतःच सांगते. पुढं ही कंपनी सायकली बनवणाऱ्या रॅलेच्या छत्राखाली गेली आणि २००२ पासून ती इटलीच्या सेले रॉयलची आहे. त्यांचं बी-१७ हे मॉडेल शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. वजन अर्ध्या किलोच्या वर, आपल्याकडे किंमत दहा हजारांच्या पुढं.

या पैशात मिळतं काय? पाच मिलिमीटरच्या आसपास जाडीचं, सालीनं कमावलेलं, पाठीच्या मागल्या भागातलं चामडं. जनावराच्या पोटाचं कातडं सैल, मानेचं सुरकुतलेलं; पुठ्ठ्याकडची वीण सगळ्यांत घट्ट. एका कातड्यात अशी जागा थोडीच. खरी किंमत या निवडीची आहे. तांब्याची हातानं ठोकलेली रिबिटं वरच्या मॉडेलांना असतात, ती दिसायला सुंदर. पण त्यासाठी जादा पैसे मोजणं हौस झाली. साध्या बी-१७ ची पोलादी रिबिटंही आपलं काम चोख करतात. नावाचेही पैसे लागतातच. कोल्हापुरी चपलेवरून जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा जो गाजावाजा झाला, त्यात हे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं.

स्वस्त सीट सरसकट वाईट असते असं मात्र मी म्हणणार नाही. तैवानच्या काही सीट जाड, सालीच्या चामड्याच्या असतात आणि निम्म्या दरात चांगल्या चालतात. घोळ आहे तो त्याहून खालच्या मालात. जाड कातडं यंत्रानं आडवं चिरलं की वरचा थर उत्तम आणि खालचा थर म्हणजे फाट. फाटीवर रंगीत प्लॅस्टिकचा मुलामा दिला की तिच्यावरही 'अस्सल चामडं' छापता येतं, आणि ते खोटंही ठरत नाही. म्हशीच्या कातड्याचं वेगळं. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाची कत्तल बंद आहे, मोठं कातडं येतं ते मुख्यतः म्हशीचं. ते जाड असतं, पण वीण सैल. चपलेच्या तळाला छान, ताणून धरायला कच्चं.

ओळखायचं कसं? सीट उलटी करा. खाली फोम दिसला तर वरचं चामडं निव्वळ खोळ आहे, पैसे वाचवा. नाकाखाली ताण वाढवायचा बोल्ट आहे का बघा. मग कापलेली कड बघा. आरपार तपकिरी आणि दाट असेल तर सालीचं. मधे निळसर-करडी रेघ असेल तर क्रोम. कड रंगानं माखून झाकली असेल तर तुम्हीच समजा. शिक्षकांच्या सीटची कड मी ब्लेडनं तासली. निळसर.

निवाडा इथं संपायला हवा होता. पण तेल राहिलं, आणि या तेलावर माझे निम्म्या सायकलवाल्यांशी वाद आहेत. चामड्याला तेल पाजलंच पाहिजे, ही समजूत बैलगाडीच्या जुंपणीतून आली आहे. तिथं चामडं वाकलं पाहिजे. सीटवर वाकायला नको, ताठ राहायला हवं. तेल तंतूंना वंगण देतं, तंतू एकमेकांवरून घसरतात, ताण सुटतो. नवी सीट लवकर 'नरम' होते याचा अर्थ तिचं आयुष्य लवकर सरतं. खोबरेल पातळ, आत खोल जातं. जवसाचं तर त्याहून वाईट. ते हवेनं घट्ट होऊन चामड्याला तडे पाडतं. ब्रूक्सचं प्रूफाइड नावाचं मलम मिळतं, त्यात चरबी आणि मेण असतं. ते वरून थोडं, वर्षातून एक-दोनदा लावायचं, फडक्यानं पुसून काढायचं आणि डबी कपाटात ठेवून विसरायचं.

दुसरी चूक, सीट भिजवून उन्हात वाळवणं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. कोरडं चामडं हे सहज सोसतं. ओलं चामडं त्याच उष्णतेत भराभर वाळून आक्रसतं आणि कडा उलटतात. भिजली तर सावलीत वाळवा, आणि ओल्या सीटवर बसू नका. पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी बांधा, इंग्लंडातही तेच करतात. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो, तो पँटवरही येतो.

शिक्षकांनी शेवटी विचारलं, "मंग दहा हजारांची घेतली असती तर टिकली असती का?" मला प्रामाणिकपणे हो म्हणता येईना. इतकं खोबरेल पिऊन तीही बसली असती, फक्त उशिरा. त्यांना हे उत्तर आवडलं नाही. मलाही नाही.

कारंज्याचे एक जैन गृहस्थ विचारत होते, चामडं नकोच असेल तर? त्यांच्यासाठी त्याच ब्रूक्सनं २०१३ पासून कॅम्बियम काढली आहे, रबर आणि सुती कॅनव्हासची. तिला तेल लागत नाही, पावसाची भीती नाही. महाग ती आहेच. रोज पाच-दहा किलोमीटर फिरणाऱ्यांना मी यातलं काहीच सुचवत नाही. सायकलच्या दुकानातली फोमची सीट, पण आपल्या हाडांच्या रुंदीची, एवढं पुरतं.

राहता राहिला प्रश्न, आपल्याकडे हिरडा, बाभूळ, तरवड, कारागीर सगळं असताना अशी सीट इथं फारशी का होत नाही. हिशोब साधा आहे. पुठ्ठ्याच्या ज्या तुकड्यात एक सीट बसते, त्यातून चपलांचे तळ कापले तर पैसे आठवड्यात मोकळे होतात. सीटसाठी तोच तुकडा ओला करून साच्यावर ताणायचा, सावकाश वाळवायचा, ठोकायचा. आणि एवढं करून गिऱ्हाईक दुकानात येणार, अंगठा दाबणार आणि विचारणार, यात मऊ नाही का?